दोन मोटारी, एक विशेषण

'अभिजात' हे विशेषण सध्या फार उदारपणे वापरले जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि हा पंडिती शब्द सर्वांच्या तोंडी झाला, ही गोष्ट आनंदाची. परंतु तोंडी झालेला शब्द झिजतो, हाही भाषेचाच नियम आहे. जुने गाणे अभिजात, जुनी पैठणी अभिजात, जुना वाडा अभिजात; आणि थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी शहरातून जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली, की त्याही अभिजात. जी वस्तू जुनी झाली, जिची आपल्याला आठवण येते आणि जी आता मिळत नाही, ती अभिजात, अशी या शब्दाची नवी व्याख्या होऊन बसलेली दिसते. वाङ्मयाच्या क्षेत्रात आपण ही व्याख्या क्षणभरही मान्य करणार नाही. शंभर वर्षांपूर्वीची प्रत्येक कादंबरी अभिजात नसते. पुष्कळशा नुसत्याच जुन्या असतात. मग मोटारीला ही सवलत का द्यावी?

हा प्रश्न धसास लावायचा तर उदाहरण नेमके हवे, आणि ते आपल्याकडे आयतेच आहे. अँबॅसडर आणि फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, या दोन मोटारींनी जवळजवळ तीस वर्षे या देशातले रस्ते आपसांत वाटून घेतले होते. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड तिसरी होती खरी; पण ती नेहमी तिसरीच राहिली. 'अँबॅसडर चांगली की फियाट?' हा वाद आपल्या मध्यमवर्गाने एके काळी ज्या हिरिरीने घातला, त्या हिरिरीने फार थोडे वाङ्मयीन वाद घातले गेले असतील. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या दारात दोहोंपैकी एकही गाडी नव्हती, त्यामुळे त्या वादाला एक प्रकारची निःस्वार्थ निर्मळताही होती.

मोटार ही वापरायची वस्तू आहे, तिची समीक्षा कसली करता, असा आक्षेप कुणी घेईल. पण समीक्षेतले आपले कितीतरी शब्द वापराच्या वस्तूंकडूनच आलेले आहेत. 'घाट' हा शब्द आपण भांड्याकडून उचलला, 'वीण' कापडाकडून, 'बांधणी' गवंड्याकडून. ज्यांच्याकडून शब्द घेतले त्यांच्या दारी ते परत नेऊन पाहायला हरकत नसावी. उलट, वस्तूच्या बाबतीत एक सोय अशी, की तिचे काही गुण मोजता येतात, आणि मोजता येतात तेवढ्यापुरती तरी समीक्षकाला थाप मारता येत नाही.

दोघींचे कूळ परदेशी. अँबॅसडर ही मूळची इंग्लंडातली मॉरिस ऑक्सफर्ड, तिसऱ्या मालिकेची. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली सौराष्ट्रात ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ साली कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. तेथे आधी हिंदुस्थान टेन, मग १९५४ची लँडमास्टर, आणि १९५७-५८च्या सुमारास अँबॅसडर असा क्रम लागला. फियाटची कथा अधिक आपली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात बनली पाहिजेत असा ध्यास घेतला होता. त्यांपैकी मोटारीसाठी त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि १९५४पासून तिची ११०० ही गाडी तेथे होऊ लागली. ही ११०० इटलीत १९५३ साली नवीनच आलेली होती आणि तिच्यामागे दान्ते ज्याकोसा या थोर अभियंत्याची बुद्धी होती. वालचंद १९५३ सालीच वारले; कुर्ल्याची फियाट मुंबईत रुळलेली पाहायला ते राहिले नाहीत.

आता आकडे पाहू. आकडे कंटाळवाणे वाटतात हे खरे. पण मात्रा मोजल्याशिवाय वृत्ताविषयी बोलू नये, असे मी वर्गात मुलांना सांगत असतो, आणि तो दंडक मला स्वतःलाही पाळला पाहिजे.

अँबॅसडरचे १९५९नंतरचे, म्हणजे बहुतेकांच्या ओळखीचे, पेट्रोलचे इंजिन १४८९ सी. सी.चे. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ७३ मिलिमीटर आणि त्यात पिस्टनची धाव ८८.९ मिलिमीटर. फियाटचे इंजिन १०८९ सी. सी.चे, सिलिंडर चारच, व्यास ६८ आणि धाव ७५ मिलिमीटर. दोघींतही धाव व्यासापेक्षा मोठी आहे. परंतु अँबॅसडरमध्ये ती सुमारे बावीस टक्क्यांनी मोठी, तर फियाटमध्ये दहा टक्क्यांनी. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या फरकात दोघींचे स्वभाव दडलेले आहेत. लांब धावेचे इंजिन सावकाश फिरते आणि कमी फेऱ्यांतच ओढ देऊ लागते. आखूड धावेचे इंजिन चटकन चढते. पण त्याच्याकडून काम करून घ्यायचे तर त्याला फिरते ठेवावे लागते, म्हणजे गिअरच्या दांड्यावरचा हात जागा ठेवावा लागतो. अँबॅसडरची शक्ती निरनिराळ्या काळच्या आवृत्त्यांत ५० ते ५५ अश्वशक्ती, मिनिटाला बेचाळीसशे फेऱ्यांच्या आसपास. फियाटची ४० ते ४२, अठ्ठेचाळीसशे फेऱ्यांच्या आसपास.

एवढ्यावरच थांबले तर अँबॅसडर बलवान ठरते, आणि तिचे भक्त तेथेच थांबत असत. पण अँबॅसडरचे वजन अकराशे किलोच्या घरात, आणि फियाटचे नऊशेच्या आत. भागाकार केला म्हणजे एक मौजेची गोष्ट दिसते. अँबॅसडरमध्ये एका अश्वशक्तीच्या वाट्याला वीस ते बावीस किलो ओझे येते; फियाटमध्येही तेवढेच. जास्तीत जास्त वेगाचे म्हणाल, तर दोघीही ताशी सव्वाशे किलोमीटरच्या अलीकडेच थकत, आणि त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तो आकडा कंपनीच्या कागदाबाहेर क्वचितच येई. दोघींचे गिअर चार, दोघींचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला लावलेला, दोघींच्या पुढे सलग बाक, दोघींना मागे कमानीचे पाटे, दोघींचा सांगाडा वेगळ्या चौकटीवर न बसवता अंगाबरोबरच एकसंध घडवलेला. बोरघाटात बॉनेट उघडून वाफ जिरण्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या गाड्यांतही दोघींची हजेरी असे. म्हणजे ज्या आकड्यांच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या वाद घातला गेला, त्या आकड्यांनी हा वाद जवळजवळ बरोबरीतच सोडवलेला होता.

मग फरक कशात होता? जी शक्ती होती ती कशासाठी खर्च करायची, याच्या निवडीत होता. अँबॅसडरची लांबी सव्वाचार मीटरांहून थोडी अधिक, फियाटची चार मीटरांहून थोडी कमी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अँबॅसडरचे २४६४ मिलिमीटर, फियाटचे २३४०. म्हणजे फरक जेमतेम पाच इंचांचा. पण अँबॅसडर उंचीलाही मोठी, रुंदीलाही मोठी, चाकेही पंधरा इंची, फियाटची चौदा. हे सारे जादा आकारमान अँबॅसडरने मुख्यतः बसणाऱ्यासाठी, आणि त्यातही मागे बसणाऱ्यासाठी वापरले. फियाटने ते वापरलेच नाही. जे वाचले ते तिने पेट्रोलच्या हिशेबात आणि गल्लीतल्या वळणात परत दिले.

येथे एक अपवाद नोंदवला पाहिजे, कारण तो रूढ समजाच्या विरुद्ध जातो. स्टिअरिंगची रचना अँबॅसडरची अधिक थेट होती. तिच्यात दातेरी पट्टी आणि दातेरी चक्र अशी साधी जोडणी होती. फियाटमध्ये मळसूत्राच्या आट्यांतून चाकांपर्यंत आज्ञा जाई. पुढच्या चाकांसाठी अँबॅसडरने पीळ घेणाऱ्या लोखंडी दांड्या वापरल्या, फियाटने गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा. सुटे सुटे भाग पाहिले तर अँबॅसडर जड व मंद असायला नको होती. तरीही तिच्या वळण्यात एक झोल असे, आणि फियाट मात्र बोट दाखवावे तिकडे जाई. याचा अर्थ असा, की चांगल्या ओळी एकत्र आणल्या म्हणजे चांगली कविता होते असे नाही.

मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगितले. ते त्यांनी संवेदनांच्या संदर्भात सांगितले, मोटारीच्या नव्हे. तथापि थोडी ओढाताण पत्करून येथे त्यांचा उपयोग होण्यासारखा आहे. १९५३च्या फियाटमध्ये संवाद आहे. लहान इंजिन, कमी वजन, चटकन चढणाऱ्या फेऱ्या, आखूड अंग, अरुंद रस्ता: यांतली प्रत्येक गोष्ट दुसरीकडे बोट दाखवते. युद्धात होरपळलेल्या, पेट्रोल महाग असलेल्या आणि जुन्या गावांतल्या गल्ल्यांतून वाट काढणाऱ्या इटालियन कुटुंबाला एक गाडी हवी होती. तिच्यात जे नको ते घातलेले नाही. पुढे तिच्या पाठीला छोटे पंख फुटले, समोरची जाळी बदलली. पण मूळ घाट शाबूत राहिला. मुंबईकरांनी जुन्या गोल पाठीच्या फियाटला 'डुक्कर फियाट' म्हटले, ते तुच्छतेने नव्हे. तो एका आकाराला नेमके ओळखल्याचा पुरावा आहे.

अँबॅसडरमध्ये विरोध आहे. वरचा घुमट आणि गोल गालफडे पाहून एखाद्या इंग्लिश उपनगरातले संथ रविवार आठवावेत. खाली मात्र तिला बिहारातल्या कच्च्या सडका, सातआठ माणसे आणि टपावरची वळकटी यांना तोंड द्यायचे होते. हे काम तिच्या जन्मदात्यांनी तिच्यासाठी योजलेलेच नव्हते. ते तिने केले, आणि चोख केले. लांब धावेच्या इंजिनाची सावकाश ओढ, मोठी चाके आणि जमिनीपासूनची उंची हे तिचे गुण भारताच्या खड्ड्यांतच उजळले. भार वाढला की फियाटला एक गिअर खाली यावे लागे. अँबॅसडर कुरकुरत का होईना, पण रेटून नेई. तेव्हा घाटाच्या परीक्षेत फियाट वरचढ, उपयोगाच्या परीक्षेत अँबॅसडर, असा निर्णय देऊन लेख येथेच संपवता आला असता.

परंतु वस्तू, पुस्तकाप्रमाणेच, आपला वाचक गृहीत धरते. हा गृहीत वाचक कोण, हे पाहिल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. फियाटने असे गृहीत धरले, की गाडीचा मालक ती स्वतः चालवील. तिचा सारा शहाणपणा पुढच्या आसनापाशी एकवटलेला आहे. मागे दोघे सुखाने आणि तिसरा सोसून बसतो. अँबॅसडर हिंदुस्थानात येऊन अशी झाली, की तिचा मालक मागे बसतो. तिची मागची बैठक दिवाणखान्यातल्या गादीसारखी उंच आणि ऐसपैस; तिच्यावर पांढरे अभ्रे चढले, काचांना पडदे आले, टपावर लाल दिवा आला. चाकावर बसलेला माणूस पगारी असणार, हे त्या रचनेने मुकाट्याने मान्य करून टाकले. डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक यांनी फियाट घेतली आणि सचिवालयाने अँबॅसडर घेतली, यात योगायोगाचा भाग थोडा आहे.

लालबहादूर शास्त्री यांची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. पंतप्रधान असताना घरच्यांसाठी मोटार घ्यायची ठरली. बारा हजार रुपयांची फियाट. त्यातले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ. जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. या गोष्टीतली नैतिक उंची शास्त्रीजींची आहे, फियाटची नव्हे; पण त्यांनी घेतलेली गाडी घरच्या माणसांसाठी होती आणि घरच्या माणसांसाठी फियाटच शोभत होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

याच्या उलट टोकाची एक घटना आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला करणारे लोक पांढऱ्या अँबॅसडरमधून आत शिरले. गाडीवर लाल दिवा होता आणि गृहमंत्रालयाची खोटी चिठ्ठी चिकटवलेली होती. चार दशकांत त्या गाडीने जो अर्थ गोळा केला होता, त्याचा त्यांनी हिशेब केला होता. पांढरी अँबॅसडर समोर आली म्हणजे बाजूला व्हायचे, चौकशी करायची नाही, हा संस्कार सर्वांच्या अंगवळणी पडलेला होता. त्या दिवशी ज्यांनी तो मोडून त्यांना अडवले, त्यांतल्या काहींनी त्यासाठी प्राण दिले. एखाद्या वस्तूचा अर्थ इतका घट्ट होणे हे तिचे यश समजावे की आपले दुर्दैव, याचा विचार मला अजून पुरता करता आलेला नाही.

तथापि येथे घाईने सिद्धान्त मांडू नये. सत्ता अँबॅसडरच्या पत्र्यात होती, असे म्हणावे तर कलकत्त्याची पिवळी टॅक्सीही अँबॅसडरच होती, आणि तिच्यात लग्नाची वऱ्हाडे, रुग्ण, विद्यार्थी सारेच बसले. मुंबईत हेच काम काळ्या-पिवळ्या पद्मिनीने केले. १९९०नंतरच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या वर टॅक्सी होत्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य याच होत्या. मालकाने स्वतः चालवावी म्हणून घडवलेल्या गाडीच्या मागच्या बाकावर सारी मुंबई बसली. म्हणजे गृहीत वाचक एक आणि प्रत्यक्ष वाचक दुसराच, हे पुस्तकांच्या बाबतीत घडते तसे मोटारींच्या बाबतीतही घडते. एकच गाडी राइटर्स बिल्डिंगच्या पायरीशी उभी राहिली की सत्ता होते, आणि हावड्याच्या स्थानकाबाहेर उभी राहिली की सोय होते.

दोघींचा एक गुण मात्र निर्विवाद आहे, आणि त्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. त्या सुबोध होत्या. बॉनेट उघडले की आतली प्रत्येक वस्तू दिसे, तिचे कार्य समजे, आणि रस्त्याकडेचा कोणताही मिस्त्री पाना, पक्कड आणि एखादी तार एवढ्यावर ती पुन्हा चालू करी. कार्बोरेटरमध्ये कचरा आला, प्लगवर काजळी धरली, पंख्याचा पट्टा तुटला: दोष वाचता येत असे. मराठी समीक्षेने दुर्बोधतेवर एके काळी किती शाई खर्च केली! आजची मोटार त्या अर्थाने खरी दुर्बोध आहे. तिचे पोट काळ्या झाकणाखाली बंद असते आणि तिचा अर्थ सांगायला यंत्र लागते. ती अधिक सुरक्षित आहे, अधिक काटकसरी आहे, कमी धूर सोडते. हे सर्व मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की ज्या वस्तूचे अंतरंग चार इयत्ता शिकलेल्या माणसाला हाताने उकलता येत होते, तिने या देशात हजारो माणसांना एक विद्या दिली. शाळेबाहेर चाललेली ती मोठीच शाळा होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अभिजात वस्तू काळाच्या कसोटीला उतरते, असे आपण म्हणतो. या दोन गाड्या तर काळाला भरपूर पुरून उरल्या! इंग्लंडात मॉरिस ऑक्सफर्डची ती मालिका १९५९ साली बंद झाली. उत्तरपाड्यात अँबॅसडर मे २०१४पर्यंत निघत होती. इटलीत ११०० १९६९ साली थांबली. कुर्ल्याची गाडी, फियाटचे नाव गेल्यावर आधी 'प्रेसिडेंट' आणि १९७४पासून चितोडच्या राणीच्या नावाने 'पद्मिनी' होऊन, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. पण ही कसोटी होती का? कसोटीला स्पर्धक लागतो. १९५३ साली टॅरिफ कमिशनने असे सुचवले, की ज्या कंपन्या येथेच गाडी घडवण्याचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनाच परवानगी असावी. त्यानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथला जुळणीचा धंदा आवरता घेतला. किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी. १९६९नंतर काही वर्षे किंमतही सरकारच ठरवी. गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी, अशी व्यवस्था होती. हे धोरण सर्वस्वी चुकीचे होते असे मी म्हणत नाही. परकीय चलनाची चणचण खरी होती आणि येथे कारखाने उभे राहिले, हेही खरे. पण ज्या परीक्षेला दोनच विद्यार्थी बसतात आणि दोघेही उत्तीर्ण होणार हे आधीच ठरलेले असते, त्या परीक्षेतल्या गुणांची फ्रेम करून भिंतीवर लावू नये.

अशा स्थितीत दोन्ही कंपन्यांनी काय केले? मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर अशी अँबॅसडरची नावे बदलली. बदलली मुख्यतः समोरची जाळी. पद्मिनीचीही तीच कथा. एखाद्या लेखकाने तरुणपणीच्या पहिल्याच कादंबरीच्या आवृत्त्या काढाव्यात, दर आवृत्तीला मुखपृष्ठ तेवढे नवे द्यावे, आणि चाळीस वर्षे वाचकांनी रांग लावून ती विकत घ्यावी, तसे हे झाले. फरक इतकाच, की ही कादंबरीही मूळची भाषांतरित होती. दुसरे पुस्तक लिहायची वेळ आली तेव्हा हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडातल्या जुन्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा सांगाडा आणून काँटेसा काढली आणि प्रीमियरने फियाट १२४च्या अंगात निस्सानचे इंजिन बसवून ११८ एन. ई. काढली. म्हणजे दुसरे पुस्तकही भाषांतरच, आणि तेही मूळ भाषेत जुने झालेल्या पुस्तकाचे. अँबॅसडरला १९९२ साली जपानी इसुझूचे १८१७ सी. सी.चे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले; म्हातारीच्या छातीत तरुण काळीज बसवले, पण गुडघे तेच राहिले.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. इंजिन अवघे ७९६ सी. सी.चे, अश्वशक्ती चाळिशीच्या आत, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. भागाकार करून पाहा: एका अश्वशक्तीला सतरा किलोच्या आगेमागे. तीस वर्षे जो आकडा वीस-बावीसवर गोठलेला होता, तो एका लहानशा गाडीने हलवला. अँबॅसडर आणि फियाट यांच्या भक्तांनी आयुष्यभर एकमेकांकडे पाहून वाद घातला. दोघींच्या पलीकडे पाहायची सोयच नव्हती म्हणून त्या वादाला एवढी धार होती, हे त्या दिवशी उघड झाले. अखेरच्या आर्थिक वर्षात अँबॅसडर अडीच हजारांच्या आतच खपली. २०१७ साली तिचे नाव फ्रान्सच्या पूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना विकत घेतले. गाडी संपल्यावर उरलेल्या नावाला एवढी किंमत आली, यावरून आपल्या स्मरणरंजनाचा बाजारभाव कळावा.

मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षे, या नियमाने ती ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. त्या दिवसांत पुष्कळांनी हळहळून लिहिले. ती हळहळ खोटी नव्हती. माणूस ज्या वस्तूतून दवाखान्यात गेला आणि ज्या वस्तूतून बाळाला घेऊन घरी आला, ती वस्तू गेली म्हणजे त्याला वाईट वाटणारच. पण त्या लेखनात टॅक्सी चालवणाऱ्याचे मत क्वचित दिसले. जड क्लच दाबून बारा तास बाजारपेठेतून फिरणारा तो माणूस, पुढच्या इंजिनाची धग पायांवर घेत पावसाळ्यात काच पुसणारा तो माणूस, नवी गाडी मिळाल्यावर रडला असेल असे मला वाटत नाही. ज्या वस्तूचे कौतुक मागच्या बाकावरून होते, तिची परीक्षा पुढच्या बाकावरून झाली पाहिजे.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. ज्याकोसाची १९५३ची ११०० ही अभिजात वस्तू आहे; आठवणींची मदत न घेता, तिला कधी न पाहिलेल्या माणसासमोर ठेवली तरी तिचा घाट पटतो. कुर्ल्याची १९९०नंतरची पद्मिनी ही त्याच ग्रंथाची, ठसे झिजलेल्या छपाईची प्रत आहे. अँबॅसडर अभिजात नाही. ती सोशिक आहे, सुबोध आहे, आणि या देशाच्या खडबडीत जमिनीवर तिने आपली लायकी स्वतः कमावली आहे. हे गुण लहान नाहीत. जात्यावरच्या ओव्यांना महाकाव्य म्हटल्याने त्यांचा मान वाढत नाही, आणि न म्हटल्याने घटत नाही. पण दोघींनी जी चार-पाच दशके जसेच्या तसे राहून काढली, त्यांचे श्रेय त्यांना देता कामा नये. त्या वर्षांचा हिशेब आपल्याकडे निघतो. मिळेल ते घेऊन त्यालाच श्रेष्ठ म्हणण्याची जी सवय आपल्याला त्या रांगेत उभे राहून लागली, ती मोटारींपुरती राहिली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. पुस्तकांच्या, नाटकांच्या आणि शाळांच्या बाबतीतही आपण जुन्याला अभिजात म्हणून मोकळे होतो, कारण मग त्याच्याविषयी काही बोलावे लागत नाही आणि नव्याकडून काही मागावे लागत नाही.

पुढच्या मिरवणुकीत या दोघी पुन्हा चकचकीत होऊन येतील. त्यांना जरूर पाहावे, मुलांना दाखवावे, बॉनेट उघडायला सांगावे आणि आतली यंत्रे समजावून द्यावीत. समजावून देता येतील अशा त्या आहेत, आणि आज रस्त्यावर असलेल्या फार थोड्या गाड्यांविषयी असे म्हणता येईल.